घसा बसतो तेव्हा : स्वरविकारांची तपासणी आणि रुग्णाची जाणीव

(मालवण येथे दशावतारी कलावंत, शिक्षक, मच्छीमार बंधुभगिनी आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरंभीच एक कबुली देतो. मी वैद्य नव्हे. मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाच्या माहिती खात्यात नोकरी करतो. म्हणजे इतरांचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचविणे हा माझा व्यवसाय. असे असताना घशाच्या विकारांवर बोलण्यासाठी आपण मला उभे केले, याचे कारण एवढेच की, काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील एका कान-नाक-घसा तपासणी शिबिराचे वृत्त घेण्यासाठी मी गेलो होतो आणि त्या दिवशी एका बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन माणसांनी मला जे शिकविले, ते नंतर ग्रंथ चाळूनही मला निराळे आढळले नाही.

त्या दोघांपैकी एक दशावतारी कलावंत होता. वय पस्तिशीच्या आसपास. अर्धी रात्र स्त्रीपार्ट आणि गरज पडेल तेव्हा राक्षस, असे दुहेरी काम तो करीत असे. दुसरा रापणकर, पन्नाशी ओलांडलेला, कानामागे विडी खोचलेला. कलावंताचा आवाज माझ्यासारख्याच्या कानाला चांगला खणखणीत वाटत होता. रापणकराचा आवाज मात्र वाळूवरून होडी ओढावी तसा खरखरत होता. तरीही व्याकूळ होता तो कलावंत. रापणकर केवळ घरच्यांनी रेटले म्हणून आला होता. मी सहज विचारले, तेव्हा हसून म्हणाला, "आवाजान खय म्हावरा गावता?"

आवाज तयार कसा होतो, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्या गळ्यात, श्वासनलिकेच्या तोंडाशी, दोन नाजूक घड्या समोरासमोर असतात. त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. पण 'तंतू' या शब्दाने सतारीची तार डोळ्यांपुढे येते, ते चित्र बरोबर नाही. पुरुषाच्या गळ्यात या घड्यांची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रीच्या गळ्यात त्याहून कमी. आत स्नायू आणि त्यावर अत्यंत मऊ, ओलसर त्वचेचे आवरण. फुप्फुसातून येणारी हवा या घड्यांना विलग करते, त्या पुन्हा मिटतात, पुन्हा विलग होतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला सुमारे १२० वेळा घडते, स्त्रीच्या बोलण्यात २०० ते २२० वेळा. आता हिशेब करून पाहा. तासभराच्या भाषणात निम्मा वेळ जरी कंठ खरोखर वाजत असला, तरी पुरुषाच्या घड्या दोन लाखांहून अधिक वेळा एकमेकींशी भिडतात. आणि जो पुरुष सीता किंवा द्रौपदी होऊन वरच्या पट्टीत बोलतो, त्याच्या कंपनांची संख्या चार लाखांच्या घरात जाते. टाळ्या वाजवून तळहात लाल होतात हे आपण जाणतो. इथे टाळी वाजते आहे ती गळ्यात, आणि ती दिसत नाही.

ती पहिल्यांदा नीट दिसली, त्याचे श्रेय एका गानशिक्षकाकडे जाते, ही गोष्ट मला फार आवडते. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गानगुरूने १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा आपल्या घशाच्या मागील बाजूस धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि स्वतःचे स्वरयंत्र गाताना पाहिले. पुढच्याच वर्षी त्याने आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. तसाच आरसा आजही तज्ज्ञांच्या टेबलावर असतो. त्याच्या जोडीला आता नाकातून उतरविता येणारी लवचीक दुर्बीण आली आहे. शिवाय थांबून थांबून लुकलुकणारा दिवा आला आहे. चित्रपटात गाडीची चाके सावकाश किंवा उलटी फिरताना दिसतात ना, तीच युक्ती इथे वापरतात. दिव्याचे लुकलुकणे आवाजाच्या कंपनांहून किंचित निराळ्या गतीचे ठेवले की, सेकंदाला शेकडो वेळा हलणाऱ्या घड्या डोळ्यांना संथ लाटेसारख्या दिसू लागतात. कोठे लाट अडते, कोठे फट राहते, कोठे घट्टा पडला आहे, हे त्यावरून कळते.

परंतु डोळ्यांआधी कान. अनुभवी तज्ज्ञ रुग्णाला प्रथम बोलू देतो. जपानी डॉक्टर मिनोरू हिरानो यांच्या १९८१ च्या ग्रंथामुळे जगभर पोहोचलेली एक पद्धती आहे. (आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो याच वर्षी, १ मे रोजी, योगायोग म्हणून सांगितले.) या पद्धतीत आवाजातील एकूण बिघाड, खरखर, हवा गळणे, दुबळेपणा आणि ताण अशा पाच गोष्टींना शून्य ते तीन असे गुण देतात. शून्य म्हणजे दोष नाही, तीन म्हणजे तीव्र दोष. मग घड्याळ लावून 'आ' लांबविण्यास सांगतात. निरोगी प्रौढ माणूस एका श्वासात तो साधारणपणे पंधरा ते पंचवीस सेकंद टिकवितो. त्यानंतर 'स्' लांबवायचा आणि मग 'माझा' या शब्दातल्या 'झ'सारखा, कंठातून वाजणारा ध्वनी लांबवायचा. निरोगी माणसात दोन्ही जवळजवळ सारखे टिकतात. स्वरघड्यांवर गाठ असली तर त्या पुरत्या मिटत नाहीत, हवा वाया जाते आणि दुसरा ध्वनी लवकर तुटतो. संगणक आवाजातील बारीक थरथर मोजतो. हे सगळे डॉक्टरांच्या बाजूचे मोजमाप झाले.

त्या दिवशी कलावंताला एकूण बिघाडाचा गुण मिळाला एक. रापणकराला तीन.

आता रुग्णाच्या बाजूचे मोजमाप पाहू. अमेरिकेतील डेट्रॉईट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या बार्बरा जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत तीस विधाने आहेत. दहा रोजच्या व्यवहाराविषयी, दहा शारीरिक त्रासाविषयी, दहा मनाला लागणाऱ्या गोष्टींविषयी. प्रत्येक विधान आपल्या बाबतीत कितपत खरे, याचे शून्य ते चार गुण रुग्णानेच द्यायचे. कमाल बेरीज १२०. पुढे २००४ मध्ये तिची दहा विधानांची छोटी आवृत्तीही निघाली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही प्रश्नावली अनेक भाषांत गेली आणि एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून आली : डॉक्टरांचे गुण आणि रुग्णाचे गुण यांचा मेळ असतो, पण सैल असतो. कान आणि दुर्बीण सांगतात विकार किती आहे. प्रश्नावली सांगते, त्या विकाराने माणसाच्या जगण्यातले किती नेले.

शिबिरात या प्रश्नावलीचा मराठी तर्जुमा हाताने लिहून आणलेला होता आणि लिखापढीतला माणूस म्हणून तो वाचून दाखविण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. त्यात 'आवाजाच्या बाधेमुळे' असा शब्दप्रयोग होता. शब्दकोशाप्रमाणे बिनचूक. पहिल्याच आजीबाईंनी मला थांबविले आणि दबक्या आवाजात विचारले, "कोणाची बाधा रे बाबा?" आपल्या कोकणात बाधा होते ती भुताखेताची, हे कागदावर लिहिणाऱ्याच्या ध्यानी आले नव्हते, माझ्याही नाही. मी 'अडचण' असा शब्द घातला आणि गाडे पुढे सरकले. परंतु तो प्रसंग मी विसरलो नाही. शब्द चुकला तर माणूस आपल्या दुखण्याचे उत्तर देत नाही, आपल्या भीतीचे देतो.

आणि शब्दांची आपल्याकडे काय वाण आहे! घसा बसतो, धरतो, चिरतो. आवाज पडतो, फाटतो, चिरकतो, घोगरा होतो, पोकळ येतो. डॉक्टर ज्याला खरखर म्हणतात तो आपला घोगरा किंवा फाटका आवाज. हवा गळणारा तो पोकळ. ताणलेला तो चिरका. आपल्या आयाबायांना हे पाच गुण शिकवावे लागत नाहीत, त्यांच्या तोंडी ते आधीच आहेत. मात्र 'घसा बसला' या दोन शब्दांत आपण सर्दीपासून कर्करोगापर्यंत सर्व काही कोंबतो, तिथे घात होतो. बसलेला घसा आज ना उद्या उठेलच, असे तो शब्दच आपल्याला सांगतो.

कलावंताने तीसही विधाने लक्षपूर्वक ऐकली. त्याची बेरीज ऐंशीच्या पुढे गेली. तपासणीत त्याच्या स्वरघड्यांच्या पुढच्या भागात, जिथे आघात सर्वांत जोराचा होतो त्या जागी, दोन्ही बाजूंना समोरासमोर बारीक घट्टे आढळले. कुदळ धरणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. त्यांचा कर्करोगाशी संबंध नसतो आणि बहुतेकदा त्यांना शस्त्रक्रियाही लागत नाही. आवाज वापरण्याची रीत सुधारली की ते उतरतात. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर त्याने जे विचारले, त्यावरून त्या ऐंशी गुणांचा उलगडा झाला. त्याच्या चुलत्याचा घशाच्या कर्करोगाने अंत झाला होता. चुलताही नाटकमंडळीतच होता आणि त्याचाही घसा असाच 'बसला' होता. गेले चार महिने हा माणूस रोज रात्री रंगभूषा करताना आरशात स्वतःचा गळा चाचपून पाहत होता.

इथे दशावताराची रीत ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. कार्तिकापासून आपल्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवाची पालखी प्रदक्षिणा करून आली की रात्री उशिरा नाटक उभे राहते आणि पहाटे दहीकाल्याने संपते; म्हणूनच त्याला 'धयकालो' म्हणतात. लिखित संहिता नाही. कथानक ठरलेले, संवाद जागेवर सुचलेले. साथीला पेटी, मृदंग आणि झांज, म्हणजे बोलणाऱ्याने या तिन्हींच्या वर बोलायचे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये नोंदवून ठेवले आहे. आपल्या मृदंगवाल्याला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन कलावंत गावोगाव चालत जात. आज गाडी आहे, ध्वनिक्षेपक आहे. दव, धूळ आणि जागरण मात्र तेच. पहाटे खेळ संपल्यावर जेवून लगेच अंग टाकले की जठरातील आम्ल वर येऊन घशाचा दाह करते, ही त्यात भर. आणि राक्षसाची गर्जना! ती काढताना खऱ्या स्वरघड्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या जाड घड्याही आवळल्या जातात. त्याच रात्री, त्याच गळ्यातून, थोड्या वेळाने सीतेचा विलाप काढावयाचा.

डॉक्टरांनी त्याला प्रथम महिनाभर मौन सुचविले. तो फक्त हसला. हंगामात एक रात्र बुडाली तर त्या रात्रीचे मानधन बुडते, आणि घरी चार माणसे त्यावर बसलेली. हा सल्ला शास्त्राला धरून असला तरी व्यवहाराला धरून नव्हता, हे डॉक्टरांच्याही लक्षात आले, हे त्यांचे मोठेपण. मग तडजोड निघाली. खेळ नसलेल्या दिवशी बोलणे कमी करावयाचे. कुजबुजायचेही नाही, कारण कुजबुजताना पुष्कळांचा गळा उलट अधिकच आवळला जातो. पाणी भरपूर प्यायचे. मालकांशी बोलून राक्षसाचे काम दुसऱ्याकडे द्यायचे. ध्वनिक्षेपक असताना तो नसल्यासारखे ओरडायचे नाही. श्वास पोटापासून घेण्याचे आणि गळा सैल ठेवून बोलण्याचे काही व्यायाम, तेही दूरध्वनीवरून वाचाउपचारतज्ज्ञाने शिकविलेले. जाता जाता सांगतो : खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध यांनी तोंडाला ओल सुटते, बरे वाटते, पण गिळलेला कोणताही पदार्थ स्वरघड्यांना शिवत नाही. शिवला तर ठसका लागतो. पाणीसुद्धा रक्तावाटे फिरूनच तिथे पोहोचते, म्हणून ते खेळाच्या आधी पाच मिनिटे नव्हे, दिवसभर प्यावयाचे असते.

तीन महिन्यांनी त्याची पुन्हा तपासणी झाली. घट्टे थोडे लहान झाले होते. डॉक्टरांच्या कानाचा गुण पूर्वीसारखाच, एक. त्याची स्वतःची बेरीज मात्र निम्म्याहून खाली आली होती. गळ्यात फारसा फरक नव्हता. चुलत्याचे मरण त्याच्या गळ्यातून निघून गेले होते.

रापणकराने प्रश्नावली पाच मिनिटांत संपविली. दूरध्वनीवर बोलताना अडचण? तो बोलतच नव्हता. चारचौघांत बोलण्याचा संकोच? कसला संकोच! आवाजामुळे कमाईत घट? रापण दोरीने ओढतात, गळ्याने नव्हे. बेरीज पाच की सहा. गेले आठ महिने आवाज खरखरीत आहे, हे त्याने विचारल्यावरच सांगितले. आरशात पाहताच डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. एका स्वरघडीवर पांढरट, खडबडीत वाढ दिसत होती. तुकडा काढून तपासणे आवश्यक आहे, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा, असे सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. आपल्या जिल्ह्यातून अनेकजण गोव्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. त्यालाही तिकडेच जावयाचे होते.

तो गेला नाही. मासळीचा मोसम होता. जूनमध्ये बंदी लागली की जाऊ म्हणाला. जूनमध्ये घर शाकारायचे निघाले. गिळताना दुखत नाही, ताप नाही, वजन उतरत नाही. मग आजार कसला? आणि ज्या प्रश्नावलीत आपल्याला जवळजवळ शून्य मिळाले तीच आपल्या बाजूची साक्ष, असे त्याने घरच्यांना सांगितले असे मला नंतर कळले. ती मी वाचून दाखविली होती. एवढेच बोलून मी ते सोडतो.

वर्षभराने श्वास लागू लागला तेव्हा त्याला नेले. स्वरघडीचा कर्करोग आरंभी लक्षात आला तर किरणोपचाराने किंवा लेसरने दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात आणि आवाजही राहतो. शरीराच्या आतील थोडेच कर्करोग इतक्या लवकर दवंडी पिटतात. आवाज घोगरा होणे हीच ती दवंडी. त्याच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागले. प्राण वाचला. खर्चाचा भार बराचसा शासनाच्या आरोग्य योजनेने उचलला. त्यानंतर माणसाचा श्वास मानेच्या तळाशी केलेल्या कायमच्या छिद्रातून चालतो. हनुवटीखाली लावावयाच्या छोट्या यंत्राने तो आता बोलतो. आवाज एकसुरी, पण शब्द समजतात.

परंतु त्याचे नुकसान कशाने झाले ते आपण किनाऱ्यावरची माणसे चटकन ओळखाल. त्या छिद्रातून पाणी शिरले तर थेट फुप्फुसात जाते. छातीभर पाण्यात उतरून रापण लावणे आता त्याला आयुष्यात शक्य नाही. आवाजाने म्हावरे मिळत नाही हे खरेच होते. तो आता किनाऱ्यावर बसून जाळी विणतो.

या दोन माणसांमुळे माझी अशी धारणा झाली आहे की, रुग्णाची बेरीज मोठी असली तर ती ऐकावी आणि लहान असली तर तिच्यावर विसंबू नये. तीन आठवड्यांपलीकडे आवाज बसलेला राहिला, त्यातून विडी, सिगारेट, तंबाखू अथवा मद्य यांचे व्यसन असले आणि वय चाळिशीपुढे गेलेले असले, तर त्रास होवो न होवो, कोणीतरी आत डोकावून पाहिलेच पाहिजे. इथे उपस्थित असलेल्या आशाताई आणि आरोग्यसेवक यांना माझी विनंती आहे की, 'त्रास होतो का' हा प्रश्न दुसरा विचारावा. 'किती दिवस झाले' हा पहिला.

तज्ज्ञांची उणीव आहे, हे मी शासकीय सेवक असूनही लपवीत नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ पासून वाचा व श्रवणविषयक शिक्षण दिले जाते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. तेथे शिकलेली मुले-मुली मोठ्या शहरांत राहतात, कोकणात क्वचित येतात. तोपर्यंत हातातला दूरध्वनी उपयोगी पडू शकेल. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, शांत खोलीत, तोच एक उतारा वाचून ध्वनिमुद्रित करावा आणि एका श्वासात 'आ' किती सेकंद टिकतो ते लिहून ठेवावे. शिक्षकांनी तर हे अवश्य करावे. दोन-तीन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या गुरुजींचा आणि बाईंचा गळा नाटकवाल्यांहून कमी झिजत नाही. सहा महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर निम्मे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

आम्ही काहीजणांनी ती प्रश्नावली आपल्या बोलीत नव्याने विचारून पाहण्याचा खटाटोप चालविला आहे. तो शास्त्रीय म्हणता येणार नाही. शास्त्रीय करावयाचा तर भाषांतर, उलटभाषांतर आणि पुष्कळ रुग्णांवर पडताळणी व्हावी लागते, ते तज्ज्ञांचे काम. पण दूरध्वनीऐवजी लिलावाचा प्रश्न घातला, गोंगाटाच्या खोलीऐवजी किनाऱ्यावरून होडीला हाक मारण्याचा, समारंभाऐवजी आरतीचा. बाजारात मासळी विकणाऱ्या एका बाईंना सगळे वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, एक प्रश्न राहिला. आवाज बसलेला असला की गिऱ्हाईक दर पाडून मागते. बाई दमली आहे, विकून घरी जायची घाई आहे, असे त्याला वाटते. तीस विधानांत हे कोठेही नव्हते. आम्ही ते एकतिसावे म्हणून घातले.

माझा वेळ संपला आणि घसाही कोरडा पडला. पलीकडच्या खोलीत डॉक्टर आरसा आणि दिवा घेऊन बसले आहेत. तपासणीला दोन-तीन मिनिटे लागतात, दुखत नाही, क्वचित उमासा येतो. ज्यांचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आहे त्यांनी कृपया आधी जावे. आणि ज्यांना काहीच त्रास नाही, पण घरच्यांनी रेटून पाठविले आहे, त्यांनी त्यांच्याही आधी.